धूळ काढायला पीसीचं कॅबिनेट पहिल्यांदा उघडतोयस? मग एवढंच कर

भाऊ, घाबरू नको. जळगाव-धुळ्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, त्यात धूळ बसली की पीसी तापणारच. जिनिंगजवळ घर असेल तर कापसाचे तंतूही हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींत नमद्यासारखे बसतात.

आधी शटडाउन, मग प्लग काढ, आणि पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धर. काम ओट्यावर किंवा गच्चीवर कर, नाहीतर धूळ परत घरातच.

सगळे इथंच चुकतात: ब्लोअर मारताना पंखा गरगर फिरू देतात. मीही एक पंखा असाच घालवला. पाती बोटानं धरून ठेव, हवा थोडी लांबून, थांबून थांबून मार. कोपऱ्यांसाठी रंगाचा नवा, कोरडा ब्रश पुरतो.

- तोंडानं फुंकू नकोस, थुंकी उडते.
- घरचा व्हॅक्यूम मदरबोर्डाला लावू नकोस, स्टॅटिक विजेचा धोका असतो.
- पॉवर सप्लायचा डबा उघडायचाच नाही. प्लग काढला तरी आत विजेचा चार्ज साठलेला असू शकतो.

कीबोर्ड उलटा करून थोपट, शेव-मुरमुरे निघतील! स्क्रीनवर पाणी थेट फवारू नकोस, मऊ कापड किंचित ओलं करून पूस.

प्रोसेसरची पेस्ट (त्याची उष्णता हीटसिंकला देणारी) बदलणं वगैरे सध्या राहू दे.