सुंदरबनच्या भारतीय भागात सुंदरीची झाडं इतकी कमी का?

मुख्य कारण गोड्या पाण्याची टंचाई. गंगेचा मोठा प्रवाह गेल्या काही शतकांत पूर्वेला, बांगलादेशातल्या पद्मा नदीकडे वळला. त्यामुळे मातलासारख्या पश्चिमेकडच्या, म्हणजे भारतीय भागातल्या नद्यांना वरच्या बाजूने गोडं पाणी जवळपास येतच नाही. त्यांत दिवसातून दोनदा भरतीचं खारं पाणीच चढतं. सुंदरीला कमी खारट चिखल लागतो. खारेपणा वाढला की ती शेंड्याकडून वाळत जाते. बांगलादेशच्या पूर्व भागात बलेश्वर नदी गोडं पाणी आणते, म्हणून तिथे सुंदरी अजून भरपूर आहे.

पश्चिमेला गेवा, गरान ही खारफुटीची झाडं आणि आपल्या कोकणातल्या खाड्यांवरही दिसणारी तिवरं टिकतात. तिवराचं पान नीट पाहा: जास्तीचं मीठ ते बाहेर टाकतं, पानावर बारीक पांढरे कण दिसतात. वाघ मात्र दोन्हीकडे आहेत आणि खाड्या सहज पोहून जातात. नद्यांत वरच्या बाजूने गोडं पाणी सोडल्याशिवाय नुसती रोपं लावून सुंदरी परतणार नाही.