‘भीतीमुळे पुराणमतवादी’ म्हणावं का?

प्रश्न विचारणारी मुलगी वडोदऱ्यात एम.ए. करते आहे. मानसशास्त्रावरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना तिने लिहिलं, ‘भीतीमुळे माणसं पुराणमतवादी होतात.’ घरी वाचून दाखवलं तर बाबा चिडले. म्हणाले, ‘म्हणजे आम्ही भित्रे का?’ आता तिला विचारायचंय की ‘भीती’ हा शब्द चुकला का, आणि चुकला असेल तर कोणता घ्यावा.

तुमच्या बाबांचा कान पक्का आहे. कोशात बघाल तर ‘भीती’ बरोबरच दिसेल, पण या वाक्यात तो शब्द नको. ‘भीती’ म्हटलं की पाठोपाठ ‘भित्रा’ येतोच, आणि भित्रा हे स्वभावाचं नाव आहे, एकदा चिकटलं की सुटत नाही. ‘धास्ती’चं तसं नाही. धास्तावलेला माणूस चार दिवसांनी सावरतो, तेव्हा त्याला कुणी धास्तावलेला म्हणत नाही.

आपल्या भाषेत या घराण्यातले शब्द पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातला फरक अर्थापेक्षा क्रियापदात लवकर सापडतो. भीती वाटते. धास्ती आपण घेतो. धाक दुसऱ्याचा असतो, आणि पुष्कळदा त्यात आदरही असतो. दहशत कुणीतरी बसवतो किंवा माजवतो. बागुलबुवा उभा करतात, म्हणजे तिथे उभा करणारा आलाच. राजकारणावर लिहिणाऱ्याला हा फरक फार उपयोगी पडतो, कारण ‘भीती वाटते’ एवढंच लिहिलं की भीती दाखवणारा वाक्यातून निसटतो. बागुलबुवा उभा करणारे सगळ्याच बाजूंना असतात, हेही लक्षात ठेवा.

आणि धसका. तो बसतो, किंवा माणूस तो घेतो, पण काहीतरी घडून गेल्यावरच. ३१ जुलै २०१९ ला वडोदऱ्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला, विश्वामित्री नदी गावात शिरली, मगरी रस्त्यावर दिसल्या. तेव्हापासून आभाळ भरून आलं की माझी आई एकच विचारते, ‘आजव्याच्या तलावाचं पाणी सोडलं का रे?’ उत्तर यायच्या आत घराचे कागद, विम्याच्या पॉलिशा आणि आजोबांचा फोटो असलेली कापडी पिशवी माळ्यावर गेलेली असते. शेजारचे म्हणतात काकू फार घाबरतात. त्या रात्री गुडघाभर पाण्यातून शेजारच्या आजींना हात धरून वरच्या मजल्यावर आणणारी हीच बाई. तिला भित्री म्हणणं खोटं आहे. तिने धसका घेतलाय, हे खरं आहे.

आता तुमच्या लेखामागच्या संशोधनाकडे येतो. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन जॉस्ट आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १२ देशांतल्या ८८ नमुन्यांची, म्हणजे पाहणीतल्या लोकांच्या गटांची, माहिती एकत्र करून पाहिली. जुनी व्यवस्था टिकवू पाहणाऱ्या राजकीय मतांचा कशाशी किती संबंध लागतो, हे त्यांनी आकड्यांत मांडलं. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पुरता. त्यात धोक्याच्या आणि नुकसानीच्या भीतीचा आकडा आला ०.१८. समाजाची व्यवस्था डळमळते आहे या जाणिवेचा ०.४७, आणि मृत्यूच्या विचाराने येणाऱ्या अस्वस्थतेचा ०.५०. आपण मराठीत सरळ ‘भीती’ म्हणू, तिचा आकडा या तिघांत सगळ्यात लहान! तिच्याहून बराच मोठा आकडा घडी विस्कटण्याच्या जाणिवेचा आहे, आणि तिला मराठीत धास्तीच म्हणतात. अशी मतं यामुळे खोटी किंवा विकृत ठरत नाहीत, हेही त्या संशोधकांनी स्वतःच सांगितलं आहे. अनुवादात ते गाळू नका.

दुसरा प्रयोग २००८ चा, अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरातला. ४६ जणांना अचानक मोठा आवाज ऐकवला, चेहऱ्यावर भलामोठा कोळी बसलेल्या माणसाचं चित्र दाखवलं, आणि पापण्या किती जोरात मिटतात, कातडीला किती ओल येते हे यंत्राने मोजलं. ज्यांची शरीरं जास्त हलली ते संरक्षणावरचा खर्च, देहदंड अशा गोष्टींच्या बाजूचे निघाले. बातम्यांमध्ये ही ‘भीती’ म्हणून गेली. मराठीत याला नेमका शब्द आहे, दचकणं. दचकणं शरीराचं असतं, मताचा त्यात पत्ता नसतो. २०२० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी कितीतरी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक सारखेच दचकले.

मला यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं की मराठीत सगळीच भीती कमीपणाची नाही. ‘पापभीरू’ ही शिवी आहे का? एखाद्या घराबद्दल ‘पापभीरू माणसं आहेत’ म्हटलं की मुलीचे वडील पुढची बोलणी करायला तयार होतात. ‘भीड’ पाहा. लोक काय म्हणतील याचा संकोच आणि समोरच्याचा मान, दोन्ही त्या एका शब्दात आहेत. जुन्या चालीरीती टिकतात त्या बऱ्याचशा भिडेवर. इंग्रजी लेखातला एकच शब्द या सगळ्यांवर बसवला की माणसं ओळखू येईनाशी होतात.

आपल्याच गावचं उदाहरण घ्या. १९०४ साली सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात बालविवाहाविरुद्ध कायदा केला. त्या काळच्या सुधारणांना विरोध करणाऱ्यांचं ठरलेलं वाक्य होतं, ‘धर्म बुडेल.’ वाक्याचा कर्ता बघा. ‘मी भितो’ असं कुणी म्हणत नाही. बुडतो तो धर्म, बुडतं ते कुळ, बुडतं ते नाव. त्यांचा जीव स्वतःपलीकडच्या गोष्टीत अडकलेला असतो. मी त्या कायद्याच्या बाजूचा आहे, लहान मुलींची आयुष्यं त्यावर होती. पण विरोध करणाऱ्यांना नुसतं भित्रे म्हणून मोकळं झालं, तर ते काय धरून बसले होते हेच कळत नाही. आणि जे धरून बसलेत ते कळल्याशिवाय त्यांच्याशी वाद तरी कसा घालणार?

‘पुराणमतवादी’बद्दल थोडक्यात. हा शब्द सुधारकांच्या बाजूने पाहणाऱ्याचा आहे, त्यात निकाल आधीच दिलेला असतो. ‘सनातनी’ धर्मापुरता राहतो. ‘प्रतिगामी’ तर उघड शिवी. आपल्याकडे गुजरातीतला ‘रूढिचुस्त’ रोज कानावर पडतो, त्यातला ‘चुस्त’ म्हणजे पक्का, घट्ट. निदान त्यात कौतुकालाही जागा आहे. ब्रिटनमधल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मराठी वर्तमानपत्रांनी ‘हुजूर पक्ष’ म्हटलं, ‘मजूर पक्षा’शी यमकही जुळलं. ‘हुजूर हुकूम’ निघणाऱ्या बडोद्यात तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नसेल. पण तो त्या पक्षापुरताच ठीक. तुमच्या लेखात ‘परंपरावादी’ घ्या. जरा कोरडा आहे, पण कुणाला टोचत नाही.

आणि ‘भीतीमुळे’मधला ‘मुळे’सुद्धा काढा. ‘मुळे’ म्हणजे कारण झालं, आणि वरचे आकडे कारण सांगत नाहीत. दोन गोष्टी बरोबर आढळतात, एवढंच सांगतात. मी असं लिहीन : ‘समाजाची घडी विस्कटेल अशी धास्ती ज्यांनी जास्त घेतलेली असते, त्यांचा कल जुनं टिकवण्याकडे जास्त दिसतो.’

वाक्य लांबलं खरं. तरी हेच बाबांना वाचून दाखवा, आणि या वेळी त्यांना कुठे अडतं ते मला कळवा. ‘जुनं’ला अडले तर तिथे ‘चालत आलेलं’ घाला.