युद्धात एका खुनाचं काय?

(गेल्या अंकात मी ‘फॉयल्स वॉर’ या ब्रिटिश मालिकेबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावात गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या फॉयल नावाच्या एका पोलीस अधिकाऱ्याची ही मालिका आहे. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तरं देते.)

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मालिकेचे तीन भाग पाहिले. बांधणी चांगली आहे, पण एक गोष्ट पटली नाही. साल 1940. फ्रान्स पडायला आलाय, डंकर्कहून सैनिक बोटी भरभरून परत येतायत, आणि हा माणूस एका बाईला कुणी मारलं ते शोधत गावभर फिरतोय. रोज शेकड्यांनी माणसं मरतात तिथे एका खुनाचं काय एवढं?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमचा प्रश्न मालिकेतली पात्रंही फॉयलला पुन्हा पुन्हा विचारतात. पहिल्याच भागात त्याला स्वतःलाही तो छळत असतो. त्याला युद्धखात्यात काम हवंय, वरिष्ठ सोडत नाहीत. मे 1940 मध्ये जर्मन वंशाच्या माणसांना पकडून छावण्यांत टाकलं जात असताना एका बड्या न्यायदंडाधिकाऱ्याची जर्मन बायको मात्र आपल्या बंगल्यात मोकळी राहते, आणि तिचाच खून होतो. गावाला तिचं सुतक नाही. फॉयलच्या लेखी ती जर्मन असली तरी माणूस आहे, आणि खून तो खून. एवढं सोडलं तर आपण लढतोय कशासाठी, असं त्याचं म्हणणं.

हे लेखकाने रचलेलं आहे असं वाटत असेल, तर एक खरा खटला सांगते. मी 34 वर्षं साताऱ्याच्या कोर्टात फौजदारी वकिली केली, आणि नव्या ज्युनिअरला पुराव्याचं महत्त्व समजावताना हाच खटला सांगायची. जुलै 1942. लंडनच्या व्हॉक्सहॉल भागात बॉम्बने पडलेल्या एका प्रार्थनामंदिराचा राडारोडा उपसताना मजुरांना फरशीखाली माणसाचा सांगाडा मिळाला. विमानहल्ल्यात मेलेलं कुणीतरी असणार, असं म्हणून पुरून टाकता आलं असतं. त्या शहरात तेव्हा असे देह कितीतरी सापडत होते. पण तपासणीला आलेल्या डॉ. कीथ सिम्प्सन यांना त्यावर चुना टाकलेला दिसला. बॉम्ब चुना टाकत नाही. गळ्यातल्या कंठाच्या नाजूक भागाला इजा झालेली होती, म्हणजे गळा दाबलेला. मग दातांच्या डॉक्टरकडच्या नोंदी जबड्याशी ताडून पाहिल्या आणि नाव मिळालं : रेचल डॉबकिन, एप्रिल 1941 पासून बेपत्ता. तिचा नवरा हॅरी शेजारच्याच इमारतीवर आगीच्या पाहऱ्याला होता. जानेवारी 1943 मध्ये त्याला फाशी झाली. अर्धं शहर मोडून पडलेलं असताना एका गरीब बाईच्या दातांतलं चांदीचं काम कुणीतरी कागदाशी जुळवत बसलं होतं.

युद्धात गुन्हे कमी होतात हाही गैरसमज आहे. इंग्लंड-वेल्समध्ये 1939 साली पोलिसांकडे सुमारे 3 लाख 3 हजार गुन्ह्यांची नोंद झाली, 1945 साली 4 लाख 78 हजारांची. 1 सप्टेंबर 1939 पासून ब्लॅकआउट, म्हणजे चोराला अंधार आयता. पेट्रोल आणि साखर कार्डावर, म्हणजे काळाबाजार आला. त्यात बरेच तरुण पोलीस फौजेत गेलेले. फॉयलचा सहकारी मिल्नर नॉर्वेच्या लढाईत पाय गमावून परत आलेला आहे, आणि गाडी चालवायला सॅम नावाची मुलगी मिळाली आहे, कारण साहेब स्वतः गाडी चालवत नाहीत.

आता मला हा प्रश्न एवढा का लागतो ते सांगते. माझे आजोबा 1943 मध्ये त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका ठाण्यावर हवालदार होते. एका मळ्यातल्या विहिरीत बाईचं प्रेत मिळालं. आजोबांनी पंचनामा केला : वय अंदाजे 25, हातात हिरव्या बांगड्या, त्यातल्या बऱ्याच फुटलेल्या, गळ्यावर वळ. पाण्यात पडून मेलेल्या बाईच्या गळ्यावर वळ कसे, हे त्यांनी साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, सगळी माणसं भूमिगतांच्या मागावर लावायची आहेत, याला वेळ नाही. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली आणि कागद बंद. आजोबांनी तो मजकूर घरच्या वहीत उतरवून ठेवला. मी सनद घेतली त्या दिवशी ती वही त्यांनी माझ्या हातात दिली. ती बाई कोण होती हे मला आजही माहीत नाही. लंडनच्या रेचलला नाव मिळालं, हिला मिळालं नाही.

प्रश्न : ज्या वर्षांत इंग्रज पोलीस आमच्या गावात घरांची झडती घेत होते, त्याच वर्षांतल्या इंग्रज पोलिसाचं कौतुक आम्ही का करायचं? माझे आजोबा प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होते.
— एक वाचक, कुंडल

उत्तर : तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. माझे आजोबा त्याच काळात त्या सरकारच्या पगारावर होते, हे मी वर लिहिलंच आहे. कदाचित दोघं एकमेकांना शोधत आणि चुकवत एकाच रानातून गेले असतील.

तुमचा राग मला मान्य आहे. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळ्या झाडणारं राज्य आणि हेस्टिंग्जमध्ये एका बाईच्या खुन्याला शोधणारं राज्य एकच होतं. एकाच राजाच्या नावाने दोन्हीकडे कायदा चालायचा. ही मालिका पाहताना मला हे क्षणभरही विसरता येत नाही.

पण तिथेही कायदा सरळ चालला नव्हता, आणि हेच या मालिकेत खरं दाखवलंय. विलायतेत ‘18 ब’ नावाचा नियम होता, गृहमंत्र्याला वाटलं की माणूस आत, खटला नाही. 1941 मध्ये लिव्हरसिज नावाच्या माणसाचं प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापुढे गेलं. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू घेतली. एकटे लॉर्ड अॅटकिन उलट उभे राहिले. शस्त्रं खणखणत असली तरी आपल्या देशात कायदा मुका होत नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. आपल्याकडे तसाच भारत संरक्षण नियम 26 होता, त्याखाली हजारो लोक स्थानबद्ध झाले. मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात एप्रिल 1943 मध्ये दिल्लीच्या फेडरल कोर्टाने तो नियमच बेकायदा ठरवला. निकाल देणारे सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर हे इंग्रजच. सरकारने काही दिवसांत वटहुकूम काढला आणि दार परत लावून घेतलं. त्याच वर्षी जुलैत वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. कोर्टाने उघडलेलं दार सरकार लावत असेल तर माणूस भिंतच शोधणार.

आणि तुमच्या आजोबांच्या प्रतिसरकारने काय केलं? गावोगाव न्यायदान मंडळं बसवली. रेल्वे, खजिना लुटल्याच्या कथा आपण पोवाड्यात ऐकतो, पण बांधाचं भांडण, सावकाराचा कागद, नवऱ्याने टाकलेली बाई यांचा निवाडा ऐन लढ्यात व्हायला हवा, हे त्यांना सुचलं, याचं मला जास्त मोल वाटतं. लढा संपल्यावर बघू, असं ते म्हणाले नाहीत. फॉयलमध्ये मला जे आवडतं ते हेच. त्या विहिरीतल्या बाईचा कागद एखाद्या न्यायदान मंडळापुढे गेला असता तर, असं माझ्या मनात कितीदा येऊन गेलंय.

प्रश्न : फॉयलच्या हातून गुन्हेगार कधी सुटतो का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : सुटतो, आणि तो भाग माझ्या सगळ्यात जवळचा आहे. सप्टेंबर 1940 मध्ये अमेरिकेने ब्रिटनला 50 जुन्या विनाशिका (लढाऊ जहाजं) दिल्या आणि बदल्यात तळांच्या जागा 99 वर्षांच्या कराराने घेतल्या. त्या पार्श्वभूमीवरच्या भागात खुनी सापडतो, पण तो अमेरिकन आणि युद्धाच्या कामाचा असल्याने त्याला जाऊ द्यावं लागतं. फॉयल ओरडत नाही. युद्ध कधीतरी संपेल, मी विसरणार नाही, एवढंच त्याला ऐकवतो. पुढे खूप भागांनंतर तो बोटीत बसून अमेरिकेला निघतो. त्या दृश्याला मी आजोबांची वही आठवून रडले होते.

प्रश्न : माझ्या आईचं वय 80 आहे, इंग्रजी येत नाही. तिला दाखवावी का? कुठून सुरू करू?
— एक वाचक, लोणंद

उत्तर : जरूर दाखवा, पहिल्या भागापासून. मालिका 2002 ते 2015 अशी चालली, एकूण 28 भाग आहेत. मध्ये वाहिनीने ती बंद करायचं ठरवलं होतं, त्यामुळे 1943 नंतर कथा एकदम 1944 च्या वसंतात उडी मारते, तिथे गोंधळू नका. प्रेक्षकांनी मागे लागून ती परत आणवली.

शेजारी बसून थोडं थोडं मराठीत सांगत जा. मायकेल किचनचा फॉयल फार बोलत नाही, चेहऱ्यावरूनच बरंच कळतं. रेशनच्या रांगा आणि कुपनं आईंना समजावून सांगावी लागणार नाहीत. आणि तुम्ही कांद्याच्या बाजाराच्या लोणंदचे, म्हणून एक गोष्ट त्यांना मुद्दाम सांगा : फ्रान्सचा ब्रिटनी किनारा आणि चॅनल बेटं जर्मनांच्या हातात गेल्यावर इंग्लंडमध्ये कांदा इतका दुर्मीळ झाला की सोडतीत बक्षीस म्हणून एक कांदा ठेवत असत.