उरलेले पैसे आणि गेलेले तास

कनेक्टिंग फ्लाइटबद्दल, म्हणजे मध्ये विमान बदलून करायच्या प्रवासाबद्दल, आलेल्या पत्रांतला मूळ सवाल बहुधा एकच आहे: थोडे पैसे वाचवायला किती त्रास सोसावा? मला वाटतं, त्याच्याही आधी एक गोष्ट विचारायला हवी. मधलं विमान चुकलं, तर पुढची सोय कोण करणार? तिकिटाच्या किमतीतला बराचसा फरक याच गोष्टीचा असतो.

प्रश्न: थेट विमान उपलब्ध आहे, पण मध्ये ९ तासांचा थांबा असलेलं तिकीट जवळपास एक तृतीयांशाने स्वस्त मिळतंय. मी एकटाच जाणार आहे. घेऊ का?

एकटे आहात, तब्येत चांगली आहे आणि पोहोचल्या दिवशी काही महत्त्वाचं काम नाही, तर घ्यायला हरकत नाही. मात्र तो एक तृतीयांश खरा आहे का, हे आधी तपासा. शोधयादीत वर दिसणारं भाडं पुष्कळदा चेक-इन बॅगेशिवायचं असतं. दोन्ही पर्यायांत तेवढंच सामान, तशीच सीट आणि तारीख बदलायची तशीच मुभा धरून पैसे भरायच्या पानापर्यंत जा. तिथले आकडे शेजारी ठेवले की अर्धा फरक विरघळलेला दिसू शकतो. मग थांब्यातलं खाणंपिणं आणि लागलंच तर हॉटेल वजा करा. जे उरेल त्याला जास्तीच्या तासांनी भागा. तो दर पाहून स्वतःला विचारा, एवढ्या पैशांसाठी मी विमानतळावर एक तास बसेन का?

पण सगळे तास एका भावाचे नसतात. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ हा थांबा वाचनात, कामात निघून जातो. व्हिसाची अडचण नसेल तर शहरही पाहता येतं; सिंगापूरच्या चांगी विमानतळावर लांब थांबा असलेल्यांसाठी मोफत शहर सहली असतात. रात्री ११ ते सकाळी ८ हे तेवढेच तास, पण ते दुसऱ्या दिवसावरही हात मारतात. झोप न झालेला तो दिवस हिशेबात धरायचा राहून जातो, म्हणून रात्रीच्या थांब्याला मी नेहमी दुप्पट तास मोजायला सांगतो.

प्रश्न: दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं काढली तर एकत्र तिकिटापेक्षा खूपच स्वस्त पडतंय. मध्ये तीन तास आहेत. पुरतील ना?

विमानं वेळेवर असली तर कदाचित पुरतील. पण तिकिटं सुटी असली की तीन तास म्हणजे तीन तास नसतात. पहिलं विमान उतरलं की बॅग तुम्हालाच बेल्टवरून घ्यायची आहे, म्हणजे बहुतेक ठिकाणी आधी इमिग्रेशनच्या रांगेतून त्या देशात प्रवेश करायचा आहे. मग निर्गमनाच्या बाजूला जाऊन पुन्हा चेक-इन, पुन्हा सिक्युरिटी. बॅग जमा करायचा काउंटर उड्डाणाच्या साधारण ४० मिनिटं ते १ तास आधी बंद होतो. त्यामुळे तुमचे खरे तास दोनच, आणि पहिल्या विमानाला पाऊण तास उशीर झाला तर सव्वाच.

त्यात दुसरं विमान चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी असता. उशीर पहिल्या कंपनीमुळे झाला, याच्याशी तिचा काही संबंध नाही. पहिल्या कंपनीनेही तिचं काम केलेलं असतं, तुम्हाला त्या शहरात उतरवून दिलेलं असतं. नवं तिकीट त्या दिवशीच्या भावाने, आणि काढायचं तुम्हीच. भरीत भर म्हणजे परतीचा प्रवास त्याच दुसऱ्या तिकिटावर असेल तर तोही बहुधा रद्द होतो, कारण तिकिटातलं एक उड्डाण न कळवता सोडलं की पुढची आपोआप रद्द करण्याची अट बहुतेक कंपन्यांच्या नियमांत असते.

एका तिकिटावर चित्र पूर्ण वेगळं असतं. तिथे कंपनीने तुम्हाला शेवटच्या मुक्कामापर्यंत पोहोचवायचा करार केलेला असतो. मधलं विमान तिच्या उशिरामुळे चुकलं तर पुढच्या विमानात जागा देणं तिचं काम. युरोपीय संघात तर हा हक्क बराच पुढे गेला आहे. फोल्कर्ट्स नावाच्या एका प्रवाशाचं प्रकरण तिथल्या न्यायालयापुढे आलं होतं. ब्रेमेनहून पॅरिसला जाणारं विमान अडीच तास उशिरा सुटलं, पुढची दोन्ही जोड-विमानं हुकली आणि पॅराग्वेतल्या असुन्सिऑनला पोहोचायला ११ तास उशीर झाला. पहिल्या उड्डाणाचा उशीर भरपाईसाठी लागणाऱ्या तीन तासांहून कमी होता. तरी उशीर शेवटच्या मुक्कामी मोजायचा, असा निकाल २०१३ मध्ये लागला आणि भरपाईचा हक्क मान्य झाला. हाच प्रवास सुट्या तिकिटांवर झाला असता तर अडीच तासांचा उशीर एवढंच हाती उरलं असतं. सामानाचंही तसंच. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार एका करारातल्या प्रवासात बॅग हरवली तर पहिल्या कंपनीकडेही भरपाई मागता येते आणि शेवटच्याही.

तिकीट एकच आहे का, हे ओळखायचं कसं? बुकिंग संकेतस्थळाने दिलेल्या एका संदर्भ क्रमांकावर विसंबू नका. त्याखाली दोन तिकिटं असू शकतात. १३ आकडी ई-तिकीट क्रमांक पाहा. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. एकाच प्रवाशाच्या दोन उड्डाणांना वेगळ्या कंपन्यांचे क्रमांक दिसले, तर तिकिटं सुटी आहेत असं समजा. ‘सेल्फ ट्रान्स्फर’ (विमान बदलायची जबाबदारी तुमचीच) हे शब्द दिसले तरी तेच. काही संकेतस्थळं अशा प्रवासाला स्वतःची हमी देतात. ती हमी त्या संकेतस्थळाची असते, विमान कंपनीची नाही, आणि काउंटरवर तिचा उपयोग होत नाही. अटी आधी वाचा.

मग सुटी तिकिटं घेऊच नयेत का? घ्यावीत, पण मध्ये एक रात्र मुक्काम ठेवून. हॉटेलचा खर्च धरूनही स्वस्त पडत असेल तर तो खरा फायदा. फक्त हातातलं सामान असेल आणि त्या मार्गावर दिवसाला पुष्कळ उड्डाणं असतील, तर पाच-सहा तासांतही मी जाईन. आणि मधल्या शहराला एकाहून जास्त विमानतळ आहेत का, ते नक्की बघा. लंडनमध्ये हीथ्रोला उतरून गॅटविकहून, टोकियोत नारिताला उतरून हानेदाहून पुढचं विमान असलेली तिकिटं यादीत सर्रास दिसतात.

प्रश्न: विमान कंपनीनेच ५५ मिनिटांचा थांबा दिला आहे. त्याहून जास्त थांब्याचं तिकीट थोडं महाग आहे. कंपनी विकतेय म्हणजे पुरत असणारच ना?

प्रत्येक विमानतळासाठी जोड-विमान पकडायला लागणारी किमान वेळ ठरलेली असते, आणि ती टर्मिनलनुसार, देशांतर्गत की आंतरराष्ट्रीय यानुसार बदलते. त्याहून कमी थांब्याचं एकत्र तिकीट सहसा विकलं जात नाही. व्हिएन्नासारख्या आटोपशीर विमानतळावर ही वेळ २५ मिनिटांपर्यंत खाली येते, तर न्यूयॉर्कच्या जेएफकेला टर्मिनल बदलायचं तर बाहेर पडून, ट्रेन पकडून पुन्हा सिक्युरिटी करावी लागते. त्यामुळे ५५ मिनिटं पुरतील का, हे विमानतळावर अवलंबून आहे. एकच टर्मिनल, मध्ये इमिग्रेशन नाही, तर चालेल.

पण किमान म्हणजे निवांत नव्हे. गेट उड्डाणाच्या १५-२० मिनिटं आधी बंद होतं, विमानातून उतरायलाही वेळ जातो. मी तुमच्या जागी असतो तर दुसरं उड्डाण दिवसातलं कितवं आहे ते पाहिलं असतं. त्याच्यानंतर आणखी तीन विमानं त्याच शहराला जात असतील तर ५५ मिनिटांचंच घ्या, चुकलं तर दोन-तीन तासांनी बसाल. ते दिवसाचं शेवटचं असेल तर वरचे पैसे भरून लांब थांबा घ्या. आणि पहिलं उड्डाण शक्यतो सकाळचं निवडा. उशीर दिवसभर साचत जातो; एकच विमान पाच फेऱ्या मारत असतं आणि सकाळचा अर्धा तास संध्याकाळपर्यंत सहज वाढतो.

प्रश्न: आई-बाबा पहिल्यांदाच परदेशी येणार आहेत. दोघंही सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात. थेट विमान दोघांचं मिळून बरंच महाग आहे. एका थांब्याचं काढावं का?

जमत असेल तर थेटच काढा. इथे तासांचा हिशेब मी मांडणारच नाही. थांबा म्हणजे अनोळखी विमानतळावर बोर्ड वाचणं, बदललेलं गेट शोधणं, विमान रद्द झालं तर परक्या भाषेत रांगेत उभं राहणं, आणि हे सगळं त्यांनी एकट्याने करायचं.

पैशांची खरोखरच अडचण असेल तर एकाच तिकिटावर, एकाच कंपनीचं, तीन-चार तासांच्या थांब्याचं आणि दिवसा बदल होणारं काढा. बुकिंग करतानाच व्हीलचेअर नोंदवा. युरोपीय संघात ही मदत मोफत देणं विमानतळांवर बंधनकारक आहे, आणि ४८ तास आधी कळवावं अशी अपेक्षा असते. आईंना संकोच वाटेल. त्यांना सांगा, चालता येतं म्हणून व्हीलचेअर नाकारायची नसते. लांबच लांब टर्मिनलमध्ये गुडघ्यांचे हाल वाचवायलाच ती असते, आणि सोबत येणारा माणूस थेट पुढच्या गेटपर्यंत पोहोचवतो. बाबांनाही त्यांच्याबरोबरच नेतात ना, हे नोंद करताना विचारून घ्या. औषधं, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत.

प्रश्न: विमानतळाबाहेर जाणारच नसेन तर मधल्या देशाचा व्हिसा कशाला लागेल?

अनेक ठिकाणी लागत नाही, पण गृहीत धरू नका. अमेरिकेत आत न शिरता केवळ विमान बदलण्याची सोय सहसा नसते. पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते, म्हणून तिथून पुढे जायलाही व्हिसा किंवा प्रवेशाची परवानगी हवी. शेंगेन, म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, काही राष्ट्रांच्या नागरिकांना विमानतळ ट्रान्झिट व्हिसा लागतो. आणि फ्रँकफर्ट, मग पॅरिस, असे दोन थांबे त्याच क्षेत्रात असतील तर तुम्ही शेंगेनमध्ये प्रवेश करता, तिथे ट्रान्झिट व्हिसा पुरत नाही. स्वस्त मार्गांत हे दोन थांब्यांचे प्रकार फार असतात. तुमच्या पासपोर्टसाठीचा नियम त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून मगच पैसे भरा. कागद अपुरे असतील तर पहिल्याच काउंटरवर विमानात चढू देत नाहीत, आणि तिकिटाचे पैसे परत मिळतील याची खात्री नसते.

प्रश्न: मला मधल्याच शहरात उतरायचंय, पण तिथपर्यंतचं थेट तिकीट पुढच्या शहराच्या तिकिटापेक्षा महाग आहे. पुढचं विमान सोडून दिलं तर?

असं करू नका. चेक-इन केलेली बॅग शेवटच्या शहराला जाते. परतीचं उड्डाण त्याच तिकिटावर असेल तर ते रद्द होतं. आणि पहिलं विमान रद्द झालं तर कंपनी तुम्हाला दुसऱ्याच शहरामार्गे पाठवू शकते, कारण तिने विकलेला प्रवास शेवटच्या मुक्कामापर्यंतचा आहे. बहुतेक कंपन्यांच्या अटींत याला मनाई असते आणि नियमित प्रवाशांना मिळणाऱ्या मैलांचं (बक्षीस गुणांचं) खातं गोठवायचा अधिकार त्या राखून ठेवतात. त्याऐवजी एक-दोन दिवस मागे-पुढे करून किंवा जवळच्या दुसऱ्या विमानतळाचं थेट भाडं पाहा. शनिवारची रात्र मध्ये येईल अशा परतीच्या तारखा घातल्या तर काही मार्गांवर भाडं बरंच उतरतं.