रेकॉर्डिंगचा बॉक्स: दुरुस्त करायचा की मोडीत काढायचा?

प्रश्न : आमचा ५०० जीबी हार्डडिस्कचा डीटीएच रेकॉर्डर जुना झालाय. सुरू केला की कंपनीचा लोगो येतो, बॉक्स बंद पडतो, परत लोगो येतो. अर्धा-पाऊण तास असंच चालतं आणि मग एकदाचा लागतो. दुकानदार म्हणतात, ‘डिस्क गेली, नवं कनेक्शन घ्या.’ आत मुलीचा सह्याद्री वाहिनीवर झालेला कार्यक्रम आहे, तो घालवायचा नाही. (जुळे सोलापूर)

उत्तर : इतक्यात डिस्कवर खापर फोडू नका. थंड असताना अडतो आणि तापल्यावर चालतो, हे बहुतेक वेळा वीजपुरवठ्यातले कपॅसिटर (वीज साठवून ती एकसारखी पुरवणारे डबीसारखे भाग) वाळल्याचं लक्षण असतं. डिस्क किंवा मुख्य चिप बिघडली तर सहसा उलटं घडतं : सकाळी बरा चालतो, तापला की अडकतो.

बॉक्सला बाहेरचा अडॅप्टर असेल तर आधी तो बदलून पाहा. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टवर दीड ते दोन अ‍ॅम्पियर ओढते. थकलेला अडॅप्टर तेवढा देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि बॉक्स पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नुसत्या अडॅप्टरला मल्टीमीटर लावाल तर तो बिनदिक्कत १२ दाखवेल. मोजायचं ते बॉक्स सुरू होताना, डिस्कच्या पिवळ्या वायरवर. तिथे ११ च्या खाली घसरत असेल तर चोर सापडला. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेच, पिनेचा आकार आणि प्लस-मायनसची बाजू तीच हवी. अ‍ॅम्पियर जास्त चालतील, कमी अजिबात नाही.

वीजपुरवठा बॉक्सच्या आतच असेल तर मेकॅनिककडे द्या. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ टिकून राहतात, तेव्हा घरी स्क्रू-ड्रायव्हर चालवू नये. डोक्यावर फुगलेले कपॅसिटर तर बदलायचेच, पण त्यांच्या शेजारचे सपाट दिसणारेही बदलून घ्या, कारण वाळलेला कपॅसिटर फुगतोच असं नाही. मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तितकेच किंवा एक पायरी वरचे, आणि अंगावर १०५ अंश छापलेलं. ८५ अंशाचे स्वस्तात मिळतात, पण आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, बंद कपाटातल्या बॉक्सच्या आत त्याहून पुष्कळ जास्त. दर दहा अंशांमागे कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. हे काम काही शेकड्यांत होतं. एवढ्यासाठी बॉक्स टाकणं म्हणजे दिवाळखोरीच.

आता मुलीचा कार्यक्रम. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर तो कार्यक्रम दिसणार नाही. रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि किल्ली त्याच बॉक्समध्ये आणि त्यात घातलेल्या कंपनीच्या कार्डात असते. कॉम्प्युटर ‘फॉरमॅट करू का?’ विचारेल, त्याला हो म्हणू नका. तोच बॉक्स चालता करणं हा खरा उपाय. तो लागला की मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही आउटमधून यूएसबी कॅप्चरने (चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या छोट्या जोडणीने) कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. तासाभराच्या कार्यक्रमाला तासभरच लागेल, चित्र एचडी येणार नाही, आणि एखाद्या वाहिनीचं कॉपी-बंधन आडवंही येऊ शकतं. तरी हे आधी करा, बाकीचं नंतर.

प्रश्न : चित्राचे चौकोन पडतात, मध्येच थिजतं. डिश फिरवून घेतली तरी तेच. घराला लागून आमचे यंत्रमाग आहेत. (अक्कलकोट रोड)

उत्तर : रेकॉर्डरमध्ये थेट कार्यक्रमही बहुधा डिस्कवरून फिरून येतो, कारण तो थांबवून मागे नेता यावा म्हणून सतत साठवला जात असतो. त्यामुळे डिस्क कुरकुरली तरी डिशच बिघडल्यासारखं वाटतं. पूर्वी स्वच्छ दिसणारं एखादं जुनं रेकॉर्डिंग लावा. तेही थिजत असेल तर डिशला हात लावू नका. जुनं स्वच्छ आणि ताजंच फुटत असेल, तर डिशच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी आणि केबलच्या टोकांचे गंजलेले एफ कनेक्टर पाहा.

तुमच्या घरी मात्र पहिला संशय तंतूंवर. मागावरचे सुताचे बारीक तंतू बॉक्सच्या जाळीवर आणि पंख्यात गादीसारखे बसतात आणि आतली डिस्क भाजून निघते. प्लग काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारा. पातं मोकळं सोडलं तर वाऱ्याने भन्नाट फिरून बेअरिंग जातं. बॉक्सवर क्रोशाचा रुमाल घालायची हौसही उन्हाळ्यापुरती आवरा.

साफसफाईनंतरही डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक्-टक्’ ऐकू आलं, तर ती डिस्क संपली. आवाज नसेल तर मेकॅनिकला कॉम्प्युटरवर तिची स्मार्ट तपासणी (डिस्क स्वतःच ठेवते त्या बिघाडांच्या नोंदी वाचणं) करायला सांगा. ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग सेक्टर’चे, म्हणजे डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागांचे आकडे वाढत असतील तर डिस्क बदला. फक्त ‘सीआरसी एरर’ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कला बोर्डाशी जोडणाऱ्या साटा केबलचा, डिस्क निर्दोष.

प्रश्न : डिस्क बदलायचीच आहे, तर २ टीबीची टाकू का? (होटगी रोड)

उत्तर : नको. अनेक बॉक्स मूळ क्षमतेहून मोठी डिस्क ओळखत नाहीत. सीसीटीव्हीसाठीची डिस्क घ्या, दिवसरात्र लिहीत राहण्यासाठीच ती बनवलेली असते. एचडी प्रक्षेपण सेकंदाला ८ मेगाबिट धरलं तर तासाला ३.६ जीबी, म्हणजे ५०० जीबीत सव्वाशे-दीडशे तास मावतात. पण खरेदीआधी बॉक्स तुमच्या मालकीचा आहे की कंपनीचा, हे कागदावर पाहा. कंपनीचा असेल तर उघडूच नका, बदलून मागा. आणि मुख्य बोर्ड गेला असेल तर एक रुपयाही घालू नका, कारण तो बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर चालत नाही.

प्रश्न : महिन्याचा रिचार्ज नको. फ्री डिशवर रेकॉर्डिंग होतं का? (बुधवार पेठ)

उत्तर : होतं. यूएसबी रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स मागून घ्या. डिश ९३.५ अंश पूर्वेकडच्या जीसॅट-१५ वर लावावी लागते. पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, काही बॉक्स तिथे पुढची फाइल सुरू करतात, काही सरळ थांबतात. दुकानातच दहा मिनिटं रेकॉर्ड करून, ते परत लावून बघा आणि मगच पैसे द्या.