परदेशातल्या ग्रुप टूरवर एकामागून एक अडचणी आल्या तर आनंदी कसं राहायचं?

तुम्ही लिहिलंय की मागच्या टूरमध्ये बॅग चार दिवस उशिरा मिळाली, एक ठिकाण रद्द झालं, बस बंद पडली आणि मिस्टर लगेच चिडत असल्यामुळे उरलेली सहलही कडवट झाली. आता पुन्हा युरोपला निघालाय आणि या वेळी तसं व्हायला नकोय. मी अशा टूर्सना बऱ्याचदा जाते, म्हणून सांगते. स्वभाव बदलायच्या भानगडीत पडू नका, तो आठ-दहा दिवसांत बदलत नाही. कुठली गोष्ट का बिघडते आणि बिघडल्यावर आपण नेमकं काय करायचं, हे आधी ठाऊक असेल तर निम्मी चिडचिड होतच नाही. उरलेली निम्मी बसमधल्या गप्पांतून येते. तिच्याबद्दल खाली लिहिते.

आधी बॅग. पट्टा थांबला आणि आपली बॅग आली नाही, की विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यायचा. ग्रुपची गंमत अशी की तुमचा मुक्काम एक-दोन दिवसांनी हलतो आणि बॅग मात्र जुन्या हॉटेलात जाऊन बसते. म्हणून टूर मॅनेजरकडून पुढच्या सगळ्या हॉटेलांची नावं, पत्ते आणि तारखा घेऊन त्या अर्जात लिहा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला लागू असलेल्या मॉन्ट्रियल करारानुसार २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. मर्यादा माणशी साधारण दोन हजार अमेरिकी डॉलरच्या आसपास आहे. मोडकी बॅग मिळाली तर ७ दिवसांत लेखी कळवावं लागतं. उशिरा आलेल्या बॅगेची तक्रार, ती हातात पडल्यापासून २१ दिवसांत. मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या जपून ठेवा. आणि निघतानाच दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे भरा. एक बॅग रुसली तरी दोघांचं भागतं. एवढं केलं की त्या विषयात करण्यासारखं काही उरत नाही, आणि करण्यासारखं उरलं नाही की मनही तिथून जरा लवकर हलतं.

ठिकाण रद्द होण्यामागे बरेचदा ड्रायव्हरच्या वेळा असतात, हे अनेकांना माहीतच नसतं. युरोपीय संघात २००६ चा नियम आहे. साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती, दिवसाला साधारण ९ तासच ड्रायव्हिंग, रात्री सलग ११ तासांची विश्रांती (काही दिवस ती थोडी कमी करता येते). बसमधलं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं आणि पोलीस ती तपासतात. त्यामुळे सकाळी कुणी खरेदीत अर्धा तास घालवला की संध्याकाळचा फोटो स्टॉप गेलाच म्हणून समजा. हे कळल्यापासून मी ड्रायव्हरवर चिडणं सोडलं. खरेदीत रमणाऱ्यांवर मात्र अजून चिडते, उगाच संतपणाचा आव कशाला आणू!

हवामानापुढे कुणाचंच चालत नाही. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखचंच घ्या. ३४५४ मीटर उंचीवरचं स्टेशन, तिकिटं आधी काढलेली, आणि वर पोहोचल्यावर खिडकीबाहेर नुसता पांढरा पडदा. आमच्या ग्रुपचा असा हिरमोड झाला तेव्हा काही जण तोंड पाडून कॅफेत बसले. एक निवृत्त इंजिनियर मात्र खूश होते. त्यांना आल्प्सपेक्षा तो बोगदाच बघायचा होता. १८९६ मध्ये काम सुरू होऊन १९१२ मध्ये पूर्ण झालेली ही रेल्वे, आयगर आणि म्योन्श या शिखरांच्या पोटातून सुमारे सात किलोमीटरचा बोगदा, वाटेत आइसमेअर स्टेशनवर कड्यातच काढलेल्या खिडक्या. ते सांगत गेले तसे आम्ही पाच-सहा जण त्यांच्याभोवती गोळा झालो. वरचा बर्फात कोरलेला महाल तर ढगातही तसाच दिसतो. तेव्हापासून जाण्याआधी प्रत्येक ठिकाणाबद्दल, नजाऱ्याव्यतिरिक्त, एक तरी गोष्ट मी वाचून ठेवते. तेवढ्या उंचीवर डोकं दुखू शकतं, म्हणून हळू चाला. थकव्यानेही माणूस चिडतो, आणि खापर फुटतं टूर कंपनीवर.

आता गप्पा. बस बंद पडते दोन तास, पण तिची कहाणी चालते आठवडाभर. नाश्त्याला, जेवणाला, लिफ्टमध्ये, तेच पालुपद. त्यात सामील झालं की आपुलकी वाटते, म्हणून तर सगळे होतात. आम्ही दोघांनी घरातच एक ठरवून टाकलंय: झालेल्या घोळावर त्या दिवशी रात्री मनसोक्त बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी तो विषय काढायचा नाही. एका टूरवर एका काकूंनी याहून भारी युक्ती काढली होती. वहीत प्रत्येक फजितीला दहापैकी गुण. एसी बंद पडला, सहा. चुकीच्या मजल्यावरच्या खोलीचं दार उघडायचा प्रयत्न, आठ. शेवटी शेवटी लोक स्वतःहून येऊन आपली फजिती नोंदवू लागले आणि गुणांवरून वाद घालू लागले!

पण हे हसण्यावारी नेणं सगळ्याला लागू करू नका. ज्याची औषधं बॅगेत अडकलीत त्याला ‘एंजॉय करा हो’ म्हणणारा माणूस नकोसा होतो. त्याच्यासोबत औषधाच्या दुकानात जा. पासपोर्ट हरवला तर आनंदी राहण्याचा प्रश्नच येत नाही: आधी टूर मॅनेजर, मग पोलिसांकडे नोंद, मग आपला दूतावास. ग्रुप पुढे जाईल, तुम्ही मागे राहाल, ते गृहीत धरा. आजारपणात किंवा अपघातात युरोपीय संघात ११२ हा क्रमांक कुठूनही चालतो. आणि ठरलेलं हॉटेल न देता भलतंच दिलं असेल, तर फोटो काढा, तारीख-वेळेसह कंपनीला ईमेल करा. बसमध्ये माइकसमोर भांडून टूर मॅनेजरच्या हातात नसलेलं काहीच मिळत नाही. युरोपीय संघातून सुटणारं विमान बराच वेळ रखडलं तर जेवणाची आणि रात्र काढावी लागली तर हॉटेलची सोय विमान कंपनीने करायची असते. ती हक्काने मागा. आनंदी राहायचं म्हणजे हक्क सोडायचा असं कुणी सांगितलंय?

राहता राहिले तुमचे मिस्टर. त्यांना समजावत बसू नका, काम द्या. लगेच चिडणारी बरीच माणसं हातात काही नसलं की चिडतात. रोज सकाळी हॉटेल सोडताना सामान बसच्या पोटात चढलं की नाही हे बघायची जबाबदारी त्यांच्यावर टाका. लॉबीत बॅग राहून जाणं हा ग्रुप टूरवरचा नेहमीचा घोळ आहे. त्यामुळे काम खोटं वाटणार नाही, आणि टूर मॅनेजरलाही असा एक माणूस हवाच असतो.