फाइलमधलं दूध आणि पोटातलं दूध

प्रिय डॉक्टर,

काल राउंडला तू म्हणालीस, "२८ आठवड्यांतच जन्मलेलं बाळ आहे, वाढीत थोडं मागे राहणारच." त्या 'राहणारच'ने मला रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

हेच बाळ पोटात असतं तर दिवसाला किलोमागे १५ ते २० ग्रॅमने वाढलं असतं. नाळ कापली की तो पुरवठा क्षणात थांबतो. सुरुवातीला वजन उतरतं, त्यात बरंचसं पाणी असतं, ते साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. त्याची धास्ती नको. मला धास्ती वाटते ती त्याच दिवसांत गुपचूप साचणाऱ्या प्रथिनांच्या तुटीची. व्हेंटिलेटर, रक्तदाब, जंतुसंसर्ग या धावपळीत पोषण उद्यावर जातं आणि शिरेतून नुसतं ग्लुकोज चालू राहतं. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, शिरेतून पहिल्याच दिवशी सुरू कर. आईचं दूधही, थेंबभर का होईना, लवकर जाऊ दे.

उमेदवारीत माझ्याकडे असंच एक बाळ होतं. हिशेब कागदावर चोख, वजन मात्र हलेना. मी आठवडाभर दूध वाढवत राहिले. शेवटी एका अनुभवी सिस्टरने मला सिरिंजमधून नळीत दूध ढकलणाऱ्या पंपाशी नेलं. सिरिंज आडवी होती, आणि तिच्या आतल्या बाजूला, नळीतही, पिवळसर साय चिकटलेली. बाळाला पातळ दूध जात होतं, स्निग्धांश नळीतच राहत होता. सिस्टरने सिरिंजचं तोंड वर करून ठेवलं, म्हणजे वर आलेली साय आधी जाते. मग चार्ट दाखवला: श्वास अडखळला म्हणून एक फीड थांबवलेलं, पोट फुगल्यासारखं वाटलं म्हणून दुसरं. माझ्या हिशेबात ती दोन्ही बाळाच्या पोटात गेलेली होती.

आईच्या दुधाला तोड नाही, आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा धोकाही त्याने कमी होतो. पण इतक्या लवकर आलेल्या बाळाला दिवसाला किलोमागे साडेतीन-चार ग्रॅम प्रथिनं लागतात, शिवाय हाडांसाठी कॅल्शियम-फॉस्फरस. त्यासाठी फॉर्टिफायर, म्हणजे आईच्या दुधात मिसळायचं पूरक पोषण. हे आईला सांगताना जपून बोल. "तुमचं दूध पुरत नाही" हे वाक्य तिच्या कानावर पडता कामा नये. त्या धसक्याने दूध आटलेलं मी पाहिलंय. दूध चांगलंच आहे, बाळाची गरज मोठी आहे, असं सांग.

सगळं नीट जात असूनही वाढ अडली तर सोडियम बघ. कच्ची मूत्रपिंडं ते धरून ठेवत नाहीत, आणि ते कमी पडलं की कॅलरी असूनही बाळ वाढत नाही.

आणि नुसत्या वजनावर खूश होऊ नकोस. वजन सुजेनेही वाढतं, चरबीनेही. डोक्याचा घेर आणि लांबी दर आठवड्याला घे; दोन्ही साधारण सेंटिमीटरभर वाढायला हवीत. घेर मागे पडला तर पोषण तपास, एकदम उडी मारली तर डोक्याची सोनोग्राफी कर.

उद्या राउंडआधी सिस्टरांच्या चार्टवरून गेल्या २४ तासांत खरोखर किती मिलि गेलं त्याची बेरीज करून ठेव. लांबी मोजायला दोन माणसं लागतात. मी साडेसातला येते, तू डोकं धर, मी पाय धरते.

तुझी,
मॅडम